बोनेटवरची चावी

पुंडलिकराव चावी हातात देत नसत. बोनेटवर ठेवत.

जुनी गाडी होती तोवर ह्यात कोणाला काही खटकलं नाही. उंच, चौकोनी, खोक्यासारखी गाडी ती. तिचं बोनेट म्हणजे जेवायचं टेबल. सकाळी पुंडलिकराव बंगल्यातून बाहेर यायचे, चावी बोनेटवर टाकायचे आणि मागच्या डाव्या दाराशी जाऊन उभे राहायचे. भीमराजनं चावी उचलायची, दार उघडायचं, साहेबांना बसवून दार लावायचं आणि आपल्या जागेवर बसायचं. संध्याकाळी तेच उलटं. भीमराजनं ठेवायची, साहेबांनी उचलायची. दहा-अकरा वर्षांच्या नोकरीत ती चावी एकदाही एका हातातून दुसऱ्या हातात गेली नाही.

हा काही योगायोग नव्हता. दूधवाल्याच्या तळहातावर पुंडलिकराव पैसे ठेवत. वॉचमनच्या चिमटीतून तंबाखू घेत. फक्त भीमराजच्या घरी भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे हे त्यांना माहीत होतं, आणि त्या फोटोएवढं अंतर ते बरोबर राखून होते. जिनिंगचे मालक, दोनदा जिल्हा परिषदेवर निवडून आलेले. भाषण फक्कड करायचे. आता जात कोण पाळतं, असं दर भाषणात एकदा तरी म्हणायचे. खोटं नव्हतं ते. तोंडानं ते पाळतच नसत. हातानं पाळत.

भीमराजची बायको नलू अंगणवाडीत सेविका. जीभ अशी की विळ्याला धार लावायची गरज नाही.

"तुमी कधी मांगतली का हातात?" ती विचारायची.

"असं मांगता येते का?"

"काहून? भीक हाय का ते? चावीच तं हाय."

"जाऊ दे नं. पगार तं वेळेवर देते."

"पगार बँकेत येते. तोही हातात नाही देत."

ह्यावर भीमराज उठून अंगणात जायचा, कारण नसताना बादली इकडची तिकडे करायचा आणि परत यायचा. बोनेटवर चावी वाजते तो आवाज त्याच्या कानात बसला होता. पण माणूस आवाजाची सवय करून घेतो. करून घेतली होती त्यानं. ती नवी गाडी आली नसती तर त्याच सवयीत तो म्हातारा झाला असता.

गाडी आली ती पुंडलिकरावांच्या मुलामुळे. घनश्याम पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. लग्न नाही, पोरं नाहीत, म्हणून त्यानं दोन दारांची जर्मन गाडी घेतली. मग त्याला परदेशात नोकरी लागली, तो गेला आणि गाडी यवतमाळला बापाच्या दारात येऊन उभी राहिली. बुटकी, लांब नाकाची, छप्पर मागं उतरत गेलेलं. उभी असली तरी पळत असल्यासारखी दिसायची. फोनवर घनश्याम म्हणाला, "बाबा, ही कूपे आहे. त्या कंपनीच्या शिडीची पहिलीच पायरी, पण गाडी अस्सल आहे. उभी ठेवू नका, खराब होईल." पुंडलिकरावांनी पायरीचं ऐकलं नाही, जर्मन तेवढं ऐकलं. जुनी गाडी जावयाला देऊन टाकली.

पहिल्याच सकाळी घोटाळा झाला. पुंडलिकराव बाहेर आले आणि सवयीनं चावी बोनेटवर टाकली. चावी कसली, काळा गुळगुळीत गोटाच तो. आणि बोनेट उतरतं. चावी सर्रकन नाकावरून खाली आली आणि धुळीत पडली. भीमराजनं वाकून उचलली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती छपरावर ठेवली. तिथून मागच्या काचेवर, काचेवरून डिक्कीवर, डिक्कीवरून परत धुळीत. वारा कापायला घासून घासून गोल केलेली गाडी. तिच्या अंगावर माणसाला काही ठेवता येईल अशी बोटभर सपाट जागा नव्हती.

पुंडलिकराव वैतागले. "काय गाडी बनवली लेकाहिनं! काही ठेवाले जागाच नाही."

हातात द्या, हे भीमराजच्या ओठावर आलं होतं. तिथंच विरलं.

मग घनश्यामनं फोनवर सांगितलं की ही चावी कुठं लावायचीच नसते. खिशात असली की पुरे. गाडीला कळतं, बटण दाबलं की सुरू होते. मात्र सांभाळा, दुसरी चावी चुकून माझ्यासोबत इकडे आली. पुंडलिकरावांना असं हायसं वाटलं की विचारता सोय नाही. चावी जाकिटाच्या आतल्या खिशात गेली आणि तिथंच राहिली. तिकडे जर्मनीत किती इंजिनिअरांनी डोकी खपवली असतील, माणसाचे हात मोकळे राहावेत म्हणून. इकडे यवतमाळात त्यांच्या अकलेतून विटाळाची सोय झाली.

पण त्याच इंजिनिअरांनी दुसरीकडे पुंडलिकरावांना फसवलं होतं.

पहिल्या दिवशी भीमराज आत बसला. सीट इतकं खाली की बसावं लागत नव्हतं, उतरावं लागत होतं. त्यानं दार ओढलं, बटण दाबलं, आणि त्याच्या उजव्या खांद्यामागून एक हात पुढे आला. तो दचकला. हात प्लास्टिकचा होता, बारीकसा, आणि त्या हातात सीटबेल्टचा पट्टा होता. दोन दारांच्या गाडीत दार लांब असतं आणि पट्टा फार मागं राहतो, माणसाला वळून ओढावा लागतो. म्हणून गाडी तो स्वतःच आणून देते. घ्या, म्हणते. बसला कोण आहे हे तिनं विचारलं नव्हतं. भीमराज त्या हाताकडे पाहतच राहिला. पट्टा घ्यायला उशीर झाला तसा तो हात गुपचूप मागं गेला. त्यानं गाडी बंद केली, परत सुरू केली. हात परत आला. ह्या वेळी त्यानं पट्टा घेतला.

त्या दिवसापासून त्याला घरी स्वस्थ बसवेना.

दुसरी गंमत जागेची. कूपेत मालकाला जागाच नसते. ज्यानं ती बनवली त्याच्या डोक्यात मालक म्हणजे चालवणारा. मालक मागं डाव्या बाजूला बसतो, पेपर वाचतो, आणि चालवायला माणूस ठेवतो, ही रीत त्याला कोणी सांगितलीच नव्हती. मागं दोन सीटं होती, पण ती नावाला. पुढचं सीट वाकवायचं, डोकं आधी घालायचं, मग एक पाय, मग पोट. पुंडलिकरावांनी दोन आठवडे ते करून पाहिलं. टोपी छताला लागायची, गुडघे छातीशी यायचे. एकदा दत्त चौकात, सगळ्या ऑटोवाल्यांसमोर ते बाहेर निघताना मधेच अडकले, आणि कोणीतरी ओरडलं, "ओढा बे, डिलेव्हरी होऊन राह्यली!"

तेव्हापासून ते पुढे बसू लागले. भीमराजच्या शेजारी. त्याच उंचीवर, त्याच खाली गेलेल्या सीटात, खांद्याला खांदा लागेल एवढ्या अंतरावर. त्यांच्यासाठीही खांद्यामागून तसाच हात यायचा, तसाच पट्टा द्यायचा. गाडी दोघांना एकच वागणूक देत होती. पुंडलिकरावांनी मग एक पांढरा टॉवेल आणला आणि दोन सीटांच्या मधल्या कप्प्यावर घडी करून ठेवला. घाम फार येते, म्हणाले. एसी चालू असताना.

त्या टॉवेलकडे पाहत भीमराज गाडी चालवायचा. आणि गाडी अशी की चालवताना दुसरीकडे पाहणं जिवावर यायचं.

जुनी गाडी म्हणजे बैठकीतला माणूस होता. स्टेअरिंग फिरवलं की आधी विचार करायची, मग कलायची, मग वळायची. ही विचारच करत नव्हती. मनगट हललं की नाक वळलं. ढकलायचं काम मागच्या चाकांचं, वळायचं काम पुढच्यांचं. कामं वाटलेली, म्हणून स्टेअरिंगमधे ओढाताण नव्हती. पाय दाबला की क्षणभर काही नाही. दम धरायची, मारका बैल मान खाली घालतो तशी. आणि मग पाठीत अशी थाप बसायची की माणूस सीटात रुतायचा. टायर कडक. खड्डा आला की दणका थेट मणक्यात. ही गाडी काही लपवत नव्हती. रस्त्यावर खडी आहे का, डांबर पातळ झालंय का, कंत्राटदारानं कुठं पैसे खाल्ले, सगळं ढुंगणाला कळायचं. गतिरोधकावर मात्र तिरकी घालावी लागायची, नाहीतर पोट खरवडून निघायचं.

पोट पाहायला म्हणून त्यानं ती जहीर मिस्त्रीच्या गॅरेजवर नेली. साहेब आत वर्कशॉपच्या पंख्याखाली बसले. जहीरनं गाडी वर उचलली आणि खालून टॉर्च फिरवला.

"भीमराजभाई, ये देखो," तो म्हणाला. "जितं मालकाचा हात लागते तितं चामडं. जितं नजर जात नाही तितं सगळं प्लास्टिक. पहिली पायरी हाय नं."

"आमच्या साहेबासारखं."

जहीर हसला, मग पंख्याकडे पाहून आवाज उतरवला. "इंजिन मात्र खरं हाय. दोन लिटरचं, पण घोडा हाय घोडा. तुले आवडून राह्यली वाटते?"

"मले झोप नाही येत, जहीरभाई."

"ये गाडी नहीं है यार, बिमारी है. मालकाची चीज हाय. जीव नोको लावू."

जीव लावण्याचं नव्हतंच ते. भीमराजला नीट सांगता येत नव्हतं. इतकी वर्षं तो गाडी चालवत होता म्हणजे कोणाला तरी नेत होता. हळू घे, जोरात घे, इथं थांब, तिथं लाव. ह्या गाडीनं त्याला पहिल्यांदा विचारलं होतं, तुला कसं घ्यायचं आहे हे वळण? आणि ज्याला एकदा असं विचारलं गेलं, त्याला मग बाकीच्यांचं न विचारणं सोसत नाही. घरी खाटेवर बसला की त्याचा उजवा पाय आपोआप हलायचा.

"पाय काहून हलवून राह्यले सारखे?" नलूनं विचारलं.

"हलते का?"

"भूत लागलं तुमाले त्या गाडीचं. एक सांगू का? तुमाले गाडी नाही पाहिजे. तुमाले चावी पाहिजे. हातात."

त्यानं पाय थांबवला. ती बरोबर बोलली होती, आणि बरोबर बोललेलं अंगाला लागतं.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी पोर्चमधे त्यानं विचारून टाकलं.

"साहेब, चावी माह्याजवळ देत जा नं. गाडी धुवाची असते, काढा-लावाची असते."

"माह्या खिशात असली तरी चालते नं?"

"चालते. पण हातात द्या म्हंतो मी."

पुंडलिकरावांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. न कळण्याएवढे ते भोळे नव्हते. दोन निवडणुका जिंकलेला माणूस. ते हसले. "हातात कायले? तिचं काय कन्यादान कराचं हाय का, भीम्या?" लोकांत ते त्याला भीमराज म्हणत, एकटं असलं की भीम्या. हसत हसत ते आत गेले आणि त्यांच्यापुरता विषय संपला.

भीमराजनं एवढंच ठरवलं: आता हातातच घेईन. नाहीतर घेणारच नाही.

दिवाळी झाली आणि कापूस बाजारात यायला लागला. मारेगावच्या एका जिनिंगमधे खरेदीचा मुहूर्त होता, आणि पुंडलिकराव प्रमुख पाहुणे. पहिला कापूस घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला शाल, नारळ, दुपट्टा, काट्याची पूजा, मग भाषणं, मग जेवण. मुकुटबनला दिलेली त्यांची धाकटी बहीण विमलताई भाऊबीजेला आली नव्हती. भाषणं होईपर्यंत भीमराजनं तिला मुकुटबनहून घेऊन यायचं आणि मग सगळ्यांनी सोबत यवतमाळला परतायचं, असा बेत.

करंजी सोडल्यावर रस्ता मोकळा झाला. भीमराजनं गाडीला थोडं सैल सोडलं. पुंडलिकरावांनी दाराचा दांडा धरला.

"हळू घे बे. विमान हाय का?"

"हळूच हाय, साहेब. गाडी खाली हाय म्हणून वाटते."

"खाली बसवलं लेकाहिनं," पुंडलिकराव पुटपुटले आणि टॉवेल सारखा केला.

जिनिंगच्या फाटकापाशी बैलबंड्या, ट्रॅक्टर, हवेत उडणारा कापसाचा फुफाटा. गाडी दिसताच लोक धावले. पुंडलिकरावांच्या गळ्यात तिथंच झेंडूचा हार पडला. "बंद करू नोको," ते उतरता उतरता म्हणाले, "एसी चालू राहू दे. असाच जाय आन विमलले घेऊन ये." आणि गर्दीत शिरले.

दार लागलं आणि गाडी टुंग-टुंग वाजायला लागली. समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं आली: चावी गाडीत नाही. इंग्रजीत होती, पण एवढं इंग्रजी भीमराजला येत होतं. अर्थही माहीत होता. चालू आहे तोवर गाडी चालेल. एकदा बंद झाली की चावी आल्याशिवाय सुरू होणार नाही.

त्यानं काच खाली केली आणि हात बाहेर काढला. तळहात वर.

"साहेब, चावी!"

पुंडलिकराव वळले. भोवती पंचवीस-तीस माणसं. जिनिंगचा मालक, बाजार समितीचे लोक, शाल पांघरलेला तो पहिला शेतकरी. सगळ्यांनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग त्या हाताकडे.

"चालू हाय नं गाडी?"

"हो, पण—"

"मंग जाय नं. चावी काय खातं का तू?"

लोक हसले. हसण्यासारखं काही नव्हतं, पण प्रमुख पाहुणा बोलला की हसायचं असतं. हात तसाच बाहेर राहिला. कापसाचा एक पुंजका उडत येऊन तळहातावर बसला. भीमराजनं मूठ मिटली, हात आत घेतला आणि काच वर केली.

मुकुटबनच्या रस्त्याला लागला तरी पडद्यावरची लाल अक्षरं जात नव्हती. चावी गाडीत नाही. चावी गाडीत नाही. दोन्ही बाजूंना पांढरं फुटलेलं रान, समोरून ट्रक, ट्रकांमागं धूळ. तो दुसऱ्या कोणाच्या श्वासावर गाडी हाकत होता. मधे रेल्वेचं फाटक लागलं असतं, इंजिन चुकून बंद पडलं असतं, तर तो आपल्याच हातातल्या गाडीत परका होता. आधी हे त्याला भीतीसारखं वाटलं. मग एका लांब वळणात, मागची चाकं ढकलताहेत आणि पुढचं नाक रेघेवरून चाललंय असं असताना, ते भीतीसारखं वाटेना.

त्यानं गाडी बाजूला घेतली. एका बाभळीखाली. लाल अक्षरांकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं.

दाबलं.

इंजिन विझलं. एसी थांबला. इतकी शांतता झाली की शेतात वेचणाऱ्या बायांचं बोलणं ऐकू यायला लागलं. त्यानं परत बटण दाबून पाहिलं नाही. फोन लावला.

"साहेब, गाडी बंद हाय."

मागं लाउडस्पीकर. "कशी पडली बंद?"

"पडली नाही. म्या केली."

"मंग कर चालू!"

"चावी नाही."

"कायले बंद केली बे?"

"पाय मोकळे कराचे होते."

"भीम्या, मी तुले—" पुंडलिकराव थांबले. माईक जवळ असणार. "कोणाजवळ पाठवू आता चावी?"

"कोणाजवळही पाठवा, साहेब. एकच हाय म्हणे, ते पाहून घ्या."

ती एकुलती चावी पुंडलिकराव कोणाच्या हाती देणार नाहीत हे भीमराजला माहीत होतं. मग त्यानं विमलताईंना फोन करून सांगितलं की गाडी अर्ध्या वाटेत उभी आहे, तुम्ही ऑटोनं इथपर्यंत या.

त्याच आधी आल्या. काळ्या-पिवळ्या ऑटोतून उतरल्या, हातात पिशवी, पिशवीत चिवड्याचा डबा. जाडजूड, खणखणीत आवाजाची बाई.

"काय झालं रे भाऊ? जर्मनची गाडी बी बसते का रस्त्यात?"

भीमराजनं काय झालं ते सांगितलं. बोनेटपासून बटणापर्यंत, काही न लपवता. विमलताई ऐकत होत्या आणि डब्याचं झाकण काढत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी मूठभर चिवडा त्याच्या तळहातावर ठेवला. "खाय. सकाळपासून काही खाल्लं नसन तू." त्यानं खाल्ला. तिखट होता.

पुंडलिकराव जिनिंगच्या छोट्या टेम्पोत, कापसाच्या पोत्यांपुढे बसून आले. गळ्यात हार तसाच, जाकिटावर पांढरे तंतू, तोंड लाल. टेम्पोवाल्यानं त्यांना सोडलं आणि तो निघून गेला. त्याला खेपा मारायच्या होत्या. पुंडलिकराव तरातरा आले, खिशातून चावी काढली आणि सवयीनं बोनेटवर आपटली.

चावी सर्रकन घसरली आणि भीमराजच्या पायाशी धुळीत पडली.

तो वाकला नाही.

"उचल."

"तुमी पाडली साहेब. तुमीच उचला."

"तुले कामावर ठेवलं कोणी बे? भाषण सोडून आलो मी! लोकं काय म्हनून राह्यले असन तितं?"

"मले तं एवढंच पाहिजे, साहेब." भीमराजनं हात पुढे केला. तळहाताला चिवड्याचं तेल लागलं होतं. "यात द्या. आत्ता गाडी चालू करतो."

एक ट्रक त्यांच्याजवळून हळू झाला, ड्रायव्हरनं पाहिलं, पुढे गेला. पुंडलिकरावांनी बहिणीकडे पाहिलं, ती आपल्या बाजूनं बोलेल म्हणून.

"दे नं दादा," विमलताई म्हणाल्या. "झडते का हात तुहा? मघाशी मी चिवडा देल्ला त्याले. पाह्य, माह्या हाताले काय झालं?" आणि त्यांनी हात नाचवून दाखवला.

पुंडलिकराव वाकले. गुडघे कडकडले. चावी उचलली, जाकिटाला पुसली. तळहाताच्या वर वीतभर धरली, टाकायला. भीमराजनं मान हलवली. मग ती खाली आली. त्यांची बोटं त्याच्या हाताला लागली.

लागली तेव्हा काही झालं नाही. जाड, घामेजली, म्हाताऱ्या माणसाची बोटं. ह्यासाठी आपण दहा-अकरा वर्षं आतून कुढत होतो, असं भीमराजला वाटलं, आणि ज्याच्यासाठी कुढत होतो ते एवढंसं निघालं म्हणून राग उलट वाढला. एवढंसंच होतं तर ह्या माणसाला देता काहून नाही आलं?

विमलताईंनी पुढचं सीट धरलं. "मले मागं नाही जमत, कंबर हाय." पुंडलिकराव डोकं आधी, पाय मग, पोट शेवटी असे मागं गेले. भीमराजनं दार ओढलं. खांद्यामागून हात आला, पट्टा दिला.

"अय्या, हे काय!" विमलताईंनी आपला पट्टा घेत म्हटलं. "गाडीले बी रीत हाय."

मधला टॉवेल त्यांनी उचलला, तोंडावरची धूळ पुसली आणि पायाशी टाकला.

मारेगावपर्यंत भीमराजनं गाडी अशी चालवली की आयुष्यात तशी चालवली नव्हती. जोरात नाही. नीट. प्रत्येक वळण आधी पाहून, एका धारेत आत आणि एका धारेत बाहेर, गतिरोधकावर तिरकी, ट्रक ओलांडताना तो एक क्षण दम धरायचा आणि मग ती थाप. मागून कोणी हळू घे म्हणालं नाही. चावी त्यानं शर्टाच्या खिशात ठेवली होती आणि ती छातीला लागत होती. पडद्यावर आता काहीच लाल नव्हतं.

जिनिंगच्या फाटकात लोक वाटच पाहत होते. गाडी थांबली तसे सगळे पुढे आले. विमलताई उतरल्या. भीमराजनं उतरून तिकडून सीट वाकवलं. आत पुंडलिकराव अडकले होते. हार पट्ट्याच्या आकड्यात गुंतलेला, एक पाय झोपलेला. त्यांनी हात बाहेर काढला. कोणाचा आधार आहे हे न पाहता भीमराजचं मनगट धरलं, मग खांदा धरला, आणि सगळा भार टाकून बाहेर आले. उभे राहिले. टोपी सारखी केली. समोर माणसं पाहिली.

भीमराजनं खिशातून चावी काढली आणि त्यांच्यापुढे धरली. उघड्या तळहातावर.

पुंडलिकरावांनी त्या हाताकडे पाहिलं. मग बाजार समितीच्या लोकांकडे. मग हसत, मोठ्यानं, मोकळेपणानं म्हणाले,

"बोनेटवर ठेव नं, भीमराज."

रस्त्यावर कोणी नव्हतं तेव्हा जमलं होतं. इथं नाही जमलं. विमलताई "दादा!" म्हणाल्या, पण तोवर माईकवरून नाव पुकारलं गेलं होतं.

भीमराजनं चावी बोनेटवर ठेवली. ती सर्रकन घसरली, नाकावरून उतरली आणि फाटकातल्या कापसाच्या फुफाट्यात पडली. ती उचलायला तो थांबला नाही. गाडी फाटकात आडवी होती आणि मागं ट्रॅक्टरांनी हॉर्न सुरू केले होते. कोणीतरी "ओ ड्रायव्हर!" म्हणून ओरडलं. तो वळला नाही.

स्टँडवर यवतमाळची एसटी लागलेली होती. त्याला खिडकीची जागा मिळाली. करंजीच्या अलीकडे फोन वाजायला लागला. पुंडलिकराव. वाजून थांबला, परत वाजला. त्यांना दुसरा ड्रायव्हर मिळेल, उद्या नाही तर परवा. ह्या जिल्ह्यात ड्रायव्हर काही कमी नाहीत, आणि बोनेटवरून चावी उचलणारेही कमी नाहीत. मग नलूचा फोन आला.

"कुठी हाय?"

"एसटीत."

"एसटीत? आन गाडी?"

"त्याहिच्याजवळ."

तिनं विचारलं, "देल्ली का हातात?"

"देल्ली. एकदा. कोणी पाहत नव्हतं तवा."

"मंग?"

"मंग काय. घरी येऊन राह्यलो."

"या," ती म्हणाली. "जहीरभाईचा फोन आलता. त्याहिले गॅरेजवर माणूस पाहिजे, गाड्या चालवून पाहाले. मी सांगतलं, विचारतो." फोन ठेवताना ती थांबली. "पाय हलून राह्यला का अजून?"

भीमराजनं खाली पाहिलं. उजवा पाय पुढच्या सीटखालचा पत्रा दाबत होता, सोडत होता. एसटी वळणात कलली, विचार करून, मग सावकाश वळली. त्याचा उजवा हात नकळत खांद्यामागं गेला, पट्टा घ्यायला. तिथं कोणीच काही देत नव्हतं.

"हलून राह्यला," तो म्हणाला.